जुना ट्रक घेताय, चालवताय? या चुका टाळा

जुना ट्रक बघायला आलेला माणूस आधी बॉनेट उघडायला लावतो. "मारा सेल्फ" म्हणतो, कान लावतो, मान डोलावतो आणि अर्धा सौदा तिथंच होऊन जातो. कराड-सांगली पट्ट्यात जुन्या गाड्या विकण्यात आणि त्याच गाड्या चालवत गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन लावण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. गिऱ्हाईक इंजिनावर भुलतं, हे तेव्हाही होतं आणि आजही आहे. खरं तर या गाडीत सगळ्यात सहज नीट करता येणारी गोष्ट म्हणजे इंजिनच. ते उतरवता येतं, बांधता येतं, पैसे टाकले की पुन्हा उभं राहतं. चिरलेल्या चेसिसचं आणि अडकलेल्या कागदांचं तसं नसतं.

मी बोलतोय ते दोन आसांच्या जुन्या मालगाड्यांबद्दल. पुढं दोन आणि मागं जोडचाकांचे चार, असे सहा टायर. टाटाची १२१०, अशोक लेलँडची कॉमेट, मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या डॉज आणि फार्गो, हिंदुस्तान मोटर्सची बेडफर्ड. टेल्कोनं, म्हणजे टाटांच्याच कंपनीनं, १९५४ साली डायमलर-बेंझशी करार करून जमशेदपुरात ट्रक बनवायला घेतले. १९६९ मध्ये करार संपला आणि जाळीवरचा तीन टोकांचा तारा गेला, तरी जुनी माणसं गाडीला टाटा-मर्सिडीजच म्हणत राहिली. परमिट-लायसन्सच्या त्या दिवसांत नव्या गाडीला नंबर लावून थांबावं लागायचं, त्यामुळं जुन्या गाडीलाही भाव असायचा. आता घेणारे दोन प्रकारचे. एकाला ऊस, विटा नाहीतर पाण्याचा टँकर ओढायचाय. दुसऱ्याला आजोबांच्या वेळची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायचीय. चुका दोघांच्याही सारख्याच.

गरम करून ठेवलेली गाडी बघणं

गिऱ्हाईक येणार म्हटलं की विकणारा आधी एक चक्कर मारून आणतो. गरम इंजिन अर्ध्या सेल्फवर उठतं, सकाळचा पांढरा धूर दिसत नाही. म्हणून जाताना फोन करून जाऊ नका. गेल्या गेल्या रेडिएटरला हात लावा. गरम लागला तर चहा घ्या, गप्पा मारा, गाडी थंड होऊ द्या. थंड इंजिन सुरू होण्यातला दोष सांगतं आणि गरम इंजिन ऑईल प्रेशरचा, तेव्हा दोन्ही बघायचं. गाडी चालू असताना ऑईल भरायचं झाकण उघडा. थोडी वाफ येणारच. पण भक-भक ठेका धरून धूर बाहेर यायला लागला की बॅक कॉम्प्रेशन आहे, पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत. धूर लपवायला इंजिनात जाड ऑईल ओततात आणि मागच्या आसाच्या हाउसिंगचा (डिफरन्शियलचा) आवाज दाबायला आत ग्रीस भरतात, ही बाजाराची जुनी रीत आहे. गेज काढून ऑईल बोटांत चोळून बघा, हाउसिंगचा लेव्हल प्लगही उघडायला लावा. विकणारा कुरकुरला तर कुरकुरू दे.

टाटाच्या इंजिनाचा नंबर वाचता आला पाहिजे. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, ९२ मिलिमीटर बोअर, एकूण ४.८ लिटरच्या घरातलं. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर, जवळपास पावणेसहा लिटर. जुन्या १२१० मध्ये मागाहून ६९७ बसवलेलं पुष्कळदा सापडतं. गाडीला ते वाईट नाही, उलट ओढ वाढते. पण आरसीवर जुनाच इंजिन नंबर राहिला असेल तर पासिंगला गाडी अडते आणि धावाधाव तुम्हाला करावी लागते.

चेसिसखाली न वाकता इसार देणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. एक शेतकरी पाटणकडून आला होता, उसाच्या सीझनसाठी गाडी बघायला. सोबत मिस्त्री आणलेला, वयस्कर, कमी बोलणारा. शेतकरी रंगावर आणि फाळक्यांवर काढलेल्या मोरांवर खूश होता. मिस्त्रीनं बॉनेटकडं बघितलंच नाही. चड्डीच्या खिशातून विझलेली विडी काढून कानावर ठेवली, गोणपाट टाकलं आणि मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या) पुढच्या ब्रॅकेटखाली सरकला. हातात छोटी हातोडी. टण, टण, टण... आणि एका जागी थप्प. तिथला काळा रंग त्यानं स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडला, तर खाली पट्टी मारून वेल्डिंग केलेलं. बाहेर येऊन तो एवढंच म्हणाला, "पाव्हणं, हिला ऊस नको, भुसा भरा." सौदा मोडला.

बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. मागच्या पाट्यांचे पुढचे-मागचे ब्रॅकेट, केबिन संपून बॉडी सुरू होते ती जागा आणि आडव्या पट्ट्या जिथं रिबिटांनी जोडल्यात ते कोपरे. चेसिसचा चॅनेल इंग्रजी सी अक्षरासारखा असतो आणि वजनाचा सगळ्यात जास्त ताण त्याच्या वरच्या-खालच्या कडांवर येतो. म्हणून कडेला पाडलेलं भोक किंवा कडेवर आडवं मारलेलं वेल्डिंग म्हणजे पुढच्या चिरेला आमंत्रण. मधल्या उभ्या भागात भोक असेल तर तितकं घाबरायचं कारण नाही. तांबूस गंजाची केसासारखी रेघ, रिबिटांच्या जागी आलेले नटबोल्ट, बाकी चेसिसवर चिखल आणि एवढ्याच हातभर जागेवर ताजा काळा रंग, यातलं काहीही दिसलं की थांबायचं. गाडी सपाट जागी उभी करून मागून बघा. एका अंगाला झुकली असेल तर आधी पाटे मोजा. पाटे सारखे असूनही झुकलेली असेल तर चेसिसला पीळ पडलाय.

केबिनवर मात्र एवढा जीव टाकू नका. या गाड्यांपैकी बऱ्याच कारखान्यातून नुसत्या काऊल-चेसिसवर निघायच्या. जमशेदपूरहून चेसिस पळवत आणणारे ड्रायव्हर असत. वर छप्पर नाही, बाजूला दार नाही, तोंडाला फडकं, डोळ्यांना गॉगल, आणि ऊन-पावसात नागपूरमार्गे इकडं. केबिन इथल्या सुताराच्या आणि बॉडीवाल्याच्या हातची. कुजली तर दुसरी बांधता येते.

पुढच्या चाकांना जॅक लावून चाक वर-खाली हलवायला विसरू नका. खडखडलं तर किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खिळा) किंवा बेअरिंग. किन्नराला, म्हणजे क्लीनरला, ब्रेकचा पेडल दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खडखड थांबली तर बेअरिंग ढिलं आहे, तरीही राहिली तर किंगपिन.

गिअर पेटी सपाट रस्त्यावर तपासणं

सपाटीला प्रत्येक पेटी गुणी वाटते. गाडी उताराला न्या, तिसऱ्यात टाका आणि ॲक्सिलरेटर सोडा. दांडा उडून न्यूट्रलला आला तर आतले दात झिजलेत. घाटात ते परवडत नाही.

नावातला आकडा बघून माल भरणं

१२१० मधले १२ म्हणजे माल धरून एकूण बारा टनांच्या आसपास आणि पुढचा १० म्हणजे शंभरच्या आसपास अश्वशक्ती. नंतर सोळा टनांच्या गाड्या आल्या आणि लोक जुन्या १२१० वरही तेवढंच लादायला लागले. दोन जादा पाटे घातले की गाडी सोळा टनांची होते असं मानणारे अजून भेटतात. पाटे वाढल्यानं ब्रेकचे ड्रम मोठे होत नाहीत आणि पुढचा आसही जाड होत नाही. तुमच्या गाडीची मर्यादा म्हणजे तिच्या आरसीवर लिहिलेलं एकूण वजन. दुसऱ्याच्या नव्या गाडीला किती चालतं याच्याशी तिचा संबंध नाही. जादा मालाला आळा घालायचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्येच दिलाय आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. जुन्या गाडीच्या एका खेपेची कमाई किती, ते तुम्हीच बघा.

"कागद होतील हो नंतर"

हे वाक्य ऐकलं की खिशातला हात बाहेर काढू नका. तीन अक्षरी जुना नंबर असलेली गाडी दिसायला ऐटबाज असते. पण तिची नोंद संगणकावर चढलेली नसेल तर आधी त्याच आरटीओत बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते आणि त्यासाठी मूळ पुस्तक लागतं. झेरॉक्सवर भागत नाही.

मूळ मालक वारलेला असेल तर सही कोणाची घेणार? वारसांपैकी एकानं गाडी विकली आणि दुसरा सहा महिन्यांनी उगवला, असे तंटे जुन्या गाड्यांत नेहमीचे. आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्यायला सांगा, मग फॉर्म २९ आणि ३० वर तुमच्या नावावर. बँकेचा बोजा कधीच फिटला असं तोंडी सांगतात. फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात नसेल तर कागदावर बोजा तसाच असतो, मग ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली का असेना. परजिल्ह्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. आणि चेसिस नंबरवर स्वतः कागद ठेवून पेन्सिल घासा, छाप घ्या, आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा खोल किंवा तिरका ठोकलेला दिसला तर चहाचे पैसे देऊन परत फिरा.

टॅक्सचं एक सांगतो. गाडी वर्षानुवर्षं शेतात उभी होती म्हणून टॅक्स लागत नाही, हा गैरसमज आहे. गाडी वापरात नाही हे आरटीओला आधी लेखी कळवलेलं असेल तरच सवलत मिळते. न कळवता उभी ठेवली तर थकबाकी दंडासकट चढत राहते आणि ती गाडी घेणाऱ्याच्या बोकांडी बसते.

हौशी मंडळींसाठी आणखी एक. २०२१ मध्ये केंद्रानं ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचा नियम आणला, तेव्हा अनेकांनी ट्रकसाठी चौकशी सुरू केली. त्या नियमात दुचाकी आणि प्रवासी मोटारी येतात, मालवाहू गाड्या येत नाहीत. म्हणजे तुमची तारावाली टाटा कितीही देखणी असली तरी कायद्यासाठी ती साधा ट्रकच. रस्त्यावर आणायची तर दरवर्षी फिटनेस, विमा, टॅक्स, पीयूसी, सगळं आलं. "व्हिंटेज करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका.

नव्या गाडीच्या सवयीनं घाट उतरणं

कराडहून चिपळूणला कुंभार्ली उतरताना या गाडीची आणि ड्रायव्हरची खरी ओळख पटते. जुना नियम साधा आहे: ज्या गिअरनं घाट चढाल त्याच गिअरनं उतरा. तो गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाका. जुन्या पेट्यांना सिंक्रो (गिअर अलगद बसवणारी रचना) नसतं. अर्ध्या उतारात गिअर काढला आणि वेग वाढला की दांडा परत आत जात नाही, नुसती करकर होते. खालचा गिअर घ्यायला डबल क्लच लागतो. क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, इंजिनाला एक झटका रेस द्या, पुन्हा क्लच, मग गिअर. हे आधी मोकळ्या रस्त्यावर घोटून घ्या.

डिझेल वाचवायला न्यूट्रल करून, वर इंजिन बंद करून गाडी सोडणारे बहाद्दर अजून आहेत. यात चार थेंब डिझेल वाचतं. पण इंजिन थांबलं की ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो. प्रत्येक ब्रेकला टाकीतली हवा कमी होत जाते, नवी भरत नाही. वर इंजिनाची ओढ नसल्यानं सगळं वजन ब्रेकच्या लायनरवर येतं. ड्रम तापतो, फुगतो, लायनरची पकड जाते. पेडल खाली जातो आणि गाडी तशीच पळते.

नव्या ट्रकवरून आलेल्या ड्रायव्हरची आणखी एक समजूत असते: हवा संपली की चाकं आपोआप जाम होतील. ते खरं आहे, पण स्प्रिंग ब्रेक असलेल्या गाड्यांत. या जुन्या गाड्यांत ते नसतं. हवा संपली म्हणजे ब्रेक संपला, बाकी उरला फक्त हँडब्रेक आणि तो भरल्या गाडीला उतारावर पुरत नाही. म्हणून सकाळी हवेचा काटा पुरेसा चढल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हवेच्या टाकीतलं पाणी रोज सोडायचं आणि घाटात गाडी थांबली की किन्नरानं आधी चाकाखाली दगड लावायचा. जळका वास आला तर बाजूला घेऊन गप्प उभं राहा. तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नका, ड्रम तडकतो.

डिझेल संपल्यावर बॅटरी संपवणं

गाडी एअर घेते, म्हणजे डिझेलच्या पाईपात हवा शिरते, तेव्हा लोक सेल्फ मारत सुटतात. थांबा. हातपंप मारत आधी फिल्टरवरचा स्क्रू ढिला करा. फेस येणं थांबून सलग डिझेल आलं की आवळा. मग पंपावरचा स्क्रू, तसंच. तरी उठली नाही तर नोझलचे नट ढिले करून सेल्फ मारा, डिझेल फुटलं की आवळा.

टाकीत डिझेल असूनही गाडी रोज एअर घेत असेल तर गळती टाकी ते फीड पंप या टप्प्यात शोधा. तिथं पंप डिझेल ओढत असतो, त्यामुळं बाहेर थेंबही दिसत नाही, उलट हवा आत जाते. पाईप कोरडा दिसतो म्हणून लोक तो सोडून बाकी सगळं बदलतात. चिरलेला रबरी पाईप आणि पुन्हा-पुन्हा वापरलेला तांब्याचा वायसर, बहुतेक वेळा एवढंच निघतं.

दुसरी तक्रार, इंजिन आपोआप रेस होण्याची. जुन्या काही पंपांना हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर असतो. इनटेकच्या तोंडापासून पंपापर्यंत एक बारीक पाईप जातो आणि पंपात एक पडदा असतो. पाईप सुटला किंवा पडदा फाटला की ओढ मिळत नाही, आतली स्प्रिंग पंपाला पूर्ण डिझेल द्यायला लावते आणि इंजिन किंचाळत सुटतं. अशा वेळी स्टॉपची दांडी ओढा. तिनंही थांबलं नाही तर ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरमध्ये टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. नंतर नोझल-टायमिंगला हात लावायच्या आधी तो पाईप आणि पडदा बघा.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकणं ही मिस्त्र्यांची आवडती दुरुस्ती. त्यानं काटा खाली येतो खरा, पण रेडिएटर तुंबलेलाच राहतो. हिवाळ्यात इंजिन नीट गरम होत नाही, पांढरा धूर आणि सिलिंडरच्या लायनरची झीज वाढते. रेडिएटर उतरवून साफ करा. आणि रॉकेल मिसळायचा विचारही नको. पंपाच्या आतल्या भागांना वंगण डिझेलचंच मिळतं.

लॉक रिंगसमोर बसून हवा भरणं

९.००-२० टायरच्या जुन्या रिमला लोखंडी लॉक रिंग असते. ती खाचेत नीट बसली नसेल तर हवा भरताना गोळीसारखी उडते. माणसं गेलीत यात. टायर उतरवताना आधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा जाऊ द्या. भरताना चाकाला साखळी गुंडाळा किंवा रिंग जमिनीकडं करा आणि लांब नळीनं बाजूला उभं राहून भरा. दुसऱ्या रिमची रिंग हातोडीनं ठोकून बसवू देऊ नका. गंजलेली रिंग भंगारात.

वर्षभर उभी असलेली गाडी थेट सेल्फवर

घरची गाडी पुन्हा चालू करताना उत्साहाच्या भरात सगळे इथंच घसरतात. आधी टाकीचा तळ उघडून पाणी आणि गाळ काढा, दोन्ही फिल्टर बदला. एअर क्लीनर ऑईल बाथचा असेल तर जुनं ऑईल काढून खुणेपर्यंतच नवं भरा. जास्त भरलं तर इंजिन तेच ऑईल ओढतं. इंजिन आधी हातानं फिरवून बघा. फिरत नसेल तर गाडी टोइंग करून, ढकलून फिरवायची नाही. नोझल काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑईल सोडा, दोन दिवस थांबा. फिरायला लागलं की स्टॉप ओढून ठेवून सेल्फ मारा, ऑईलचा काटा हलू द्या, मग सुरू करा. चारही ड्रम उघडल्याशिवाय गाडी वाड्याबाहेर काढू नका. व्हील सिलिंडर हमखास अडकलेले असतात. वायरिंग उंदरांनी कुठं कुरतडलंय ते बॅटरी जोडायच्या आधी बघा.

सुट्या भागांचा विचार गाडी घ्यायच्या आधी करायचा. टाटाच्या ६९७ चं सामान अजून सहज मिळतं, कॉमेटचं शोधावं लागतं. पर्किन्स इंजिनवाल्या फार्गो-डॉजची आणि बेडफर्डची गोष्ट निराळी. तिथं इंजिनापेक्षा ब्रेकचे, स्टेअरिंगचे आणि हाउसिंगचे भाग दमवतात. अशी गाडी घेणार असाल तर शक्यतो दुसरी एखादी भंगारात निघालेली सोबतच घ्या. मिस्त्रीनं काढलेला कुठलाही जुना पार्ट, मोडका का असेना, त्याच्याकडं सोडून येऊ नका. दुकानात पार्टचा नंबर सांगून काम होत नाही, नमुना दाखवावा लागतो. लेथवाल्याला नवा बनवायचा असला तरी माप त्यावरूनच घ्यावं लागतं.